आधी मरणारा वाण आणा

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं तीन एकर वावर आहे. सोयाबीन निघालं की दरवर्षी हरभरा घेतो. मागच्या हंगामात 'मर प्रतिकारक' लिहिलेली बॅग आणली. डिसेंबरपर्यंत पीक पाहत राहावं असं होतं. घाटे भरायला लागले, ऊन तापलं आणि जागोजागी झाडं वाळली. उपटायला गेलं तर निम्मं मूळ जमिनीतच राहते. दुकानदार म्हणतो बियाणं चांगलंच होतं. यंदा पेरणीआधी घरीच वाण तपासून घेता येईल का?
— एक भगिनी, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : ताई, तपासता येतो. पण आधी दुकानदाराची बाजू घेतल्यासारखं बोलतो, रागावू नका. ती बॅग खोटं बोलली नसावी. तुमची झाडं मर रोगाने गेलेलीच दिसत नाहीत.

मर लागलेलं झाड उपटलं तर मूळ बाहेरून धडधाकट दिसते. ब्लेडने उभं चिरलं की मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसते, पेन्सिलीच्या शिशासारखी. तो फ्युजेरियम बुरशीचा उद्योग. तुमच्याकडे मूळ कट्कन मोडलं आणि खालचा भाग मातीत राहिला. बारीक मुळ्या गळालेल्या असतील, सालीच्या चिंध्या होत असतील आणि झाड कुटारासारखं पिवळट पडलं असेल, तर ती कोरडी मूळकुज. तिची बुरशी रायझोक्टोनिया बटाटिकोला. फुलोऱ्यानंतर पारा तिशीच्या वर गेला आणि जमिनीतली ओल हटली की ही जोर धरते. ती हरभऱ्यापुरती थांबत नाही, सोयाबीन, ज्वारी, पऱ्हाटी सगळ्यांवर जगते. म्हणजे तुमच्या सोयाबीनने तिला पावसाळाभर पोसलं. बॅगेवरचा शब्द मरीपुरता होता, मूळकुजीबद्दल त्यात काहीच नव्हतं.

आता तपासणीचं. माझी नोकरी एका संशोधन केंद्रावर रोगट प्लॉट सांभाळण्यात गेली. लोक मेलेली झाडं उपटून जाळतात, आम्ही ती बारदान्यात भरून गावोगावहून आणायचो, विळ्याने बारीक करायचो आणि प्लॉटात गाडायचो. दोन-तीन हंगाम हेच. माझे सासरे एकदा पाहायला आले, धुऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "बाप्पा, जावई रोग पेरते!" खरंच पेरत होतो. जमिनीत रोग सगळीकडे सारखा पसरल्याशिवाय कोणता वाण टिकतो ते कळतच नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मरणारा वाण. वाणांच्या दर दोन तासांनंतर, म्हणजे पेरणीच्या ओळींनंतर, एक तास जेजी 62 चं. या वाणाला एका देठावर दोन घाटे येतात, दिसायला देखणा, पण मरीपुढे महिन्याभरात आडवा होतो. तो आडवा झाला की आम्ही खूश. शेजारच्या तासातली झाडं उभी असली, तर ती रोगाशी भिडून उभी आहेत, नशिबाने नाहीत, एवढं त्याच्यावरून समजायचं. तो निम्मासुद्धा मेला नाही, तर त्या वर्षीचे आकडे आम्ही धरत नव्हतो.

हे मी नोकरीत शिकलो आणि घरी विसरलो. आर्वीकडच्या माझ्या वावरात एका साली पाच वाण लावले, मरणारा वाण लावायचा कंटाळा केला. एकही झाड गेलं नाही. त्यातला एक मी साळ्याला छातीठोकपणे दिला. त्याच्या वावरात तो अर्धा वाळला. माझ्या त्या तुकड्यात रोगच नव्हता, आधी कधी तिथे हरभरा झाला नव्हता. त्या दिवाळीला साळ्याकडून बेसनाचे लाडू आले नाहीत.

मरीसाठी तुम्ही असं करा. जिथे दरवर्षी झाडं जातात तशा तीन जागा निवडा. तिन्ही ठिकाणी प्रत्येक वाणाचं चार-चार मीटर तास, दोन झाडांत वीतभरापेक्षा कमी, दहा सेंटिमीटर. एका वाणाची सव्वाशेच्या आसपास झाडं होतात. दहा झाडांवर हिशेब करू नका, एक मेलं की दहा टक्के होतात. जेजी 62 साठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कडधान्य संशोधन विभागात विचारा. नाही मिळालं तर गावात हरभऱ्याचा जुना 'चाफा' वाण शोधा, तोही मरीला लवकर बळी पडतो. झाडं दोनदा मोजा, महिन्याने आणि घाटे भरताना. काही वाण लहानपणी टिकतात आणि उशिरा मरतात, पहिल्याच मोजणीत त्यांना शाबासकी देऊ नका. शंभरात दहापर्यंत गेली तर वाण प्रतिकारक समजतात. प्रत्येक मेलेलं झाड चिरून पाहा, नाहीतर वाळवीने गेलेलंही मरीच्या खात्यात जाईल.

आणि बियाण्याला औषध लावू नका. पिशवीतलं गुलाबी-लाल बी थायरम वगैरे बुरशीनाशक लावलेलं असते. ते पेरलं तर तुम्ही वाणाची नाही, औषधाची परीक्षा घेता. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, तीही या तासांना नको. बाकीच्या तीन एकरांत जरूर लावा.

तुमचं खरं दुखणं मात्र मूळकुज आहे आणि तिची परीक्षा अवघड. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ती टिपकागदावर घेतात. कोवळ्या रोपांची मुळं धुऊन बुरशीच्या द्रावणात बुडवतात, ओल्या टिपकागदात गुंडाळतात, शेंडे बाहेर ठेवतात आणि 35 अंशांवर आठ दिवस राहू देतात. मग मुळांना 1 ते 9 गुण देतात. इथे 1 म्हणजे मूळ साफ आणि 9 म्हणजे पूर्ण काळं, शाळेच्या उलट. शुद्ध वाढवलेल्या बुरशीशिवाय हे जमत नाही, तेव्हा घरी कुंड्या करा. वाळलेल्या जागची माती मुळांच्या तुकड्यांसकट आणा. निम्मी तशीच भरा. उरलेली तेलाच्या डब्यात तासभर चांगली वाफवून, थंड करून दुसऱ्या कुंड्यांत भरा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरा, महिनाभर पाणी द्या, मग मार्चच्या उन्हात हात आखडा. वाफवलेल्या मातीची कुंडी कशाला, तर पाणी तोडल्यावर कोणतंही झाड कोमेजणारच. दोन्ही कुंड्यांतली झाडं सारखीच सुकली, तर दोष तहानेचा आहे. कच्च्या मातीतलीच गेली, तर बुरशीचा. डिसेंबरच्या थंडीत, रोज पाणी घालून ही परीक्षा घेतली तर सगळेच वाण पास होतील.

नंतर ती माती जिथून आणली तिथेच टाका, भाजीच्या वाफ्यात नको. त्या मातीत मरीची बुरशीही असू शकते आणि ती हरभऱ्याविना सहा वर्षं जमिनीत राहते.

पेरणीआधी उत्तर हवं होतं तुम्हाला, ते या हंगामात मिळणार नाही. तोवर पेरणी लांबवू नका आणि तुषार संच असेल तर घाटे भरताना एक पाणी चुकवू नका. कोरड्या मूळकुजीला पुरून उरेल असा वाण माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. कुंडीत दहापैकी सहा झाडं टिकवणारा सापडला तरी मला कळवा.

प्रश्न : धान कापल्यावर बांधीत हरभरा टाकला. वीतभर व्हायच्या आत रोपं कोलमडली. बुडाशी पांढरा कापूस आणि मोहरीसारखे दाणे दिसतात. कोणता वाण घेऊ?
— एक वाचक, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : वाण बदलून पैसे घालवू नका. मोहरीसारखे दाणे स्क्लेरोशियम बुरशीचे, ही मानकूज आहे. धानाची न कुजलेली धसकटं आणि बांधीतली जास्तीची ओल तिला लागते. धसकटं वेचून बाहेर काढा, ओल थोडी हटू द्या, बियाण्याला ट्रायकोडर्मा लावा. कोलमडलेली रोपं दाण्यांसकट उचलून जाळा. बंधाऱ्यावर फेकाल तर पुढच्या पाण्यासोबत ती परत बांधीत येतील.