फिझबझ : ६२ बाइटवरून ५९ वर

प्रश्न : पायथॉन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत, कमीत कमी बाइटच्या कोडमध्ये (एक रोमन अक्षर किंवा चिन्ह म्हणजे एक बाइट), १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग गेला तर आकड्याऐवजी ‘फिझ’, ५ ने गेला तर ‘बझ’, दोन्हींनी गेला तर ‘फिझबझ’. 'फिझ'*(न%३<१) (न म्हणजे चालू आकडा, % म्हणजे भागाकाराची बाकी; अट खरी तर शब्द एकदा, नाहीतर शून्य वेळा) आणि तसंच बझचं पद जोडून शेवटी ‘ऑर न’ (शब्द रिकामा असेल तर न) लिहिलं, ६२ बाइट झाले. स्लाइसिंग (शब्दाचा तुकडा कापून घेणं) करून पाहिलं, तरी ६२च. ६० च्या खाली जाता येतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : येतं, ५९ पर्यंत. (कोड इथे देवनागरीत छापला आहे. मोजताना ‘न’ हे एक रोमन अक्षर धरा, फिझ आणि बझ प्रत्येकी चार.)

तुमचे बाइट कंसांत अडकलेत. तुलना गुणाकाराच्या नंतर सोडवली जाते, म्हणून न%३<१ ला कंस द्यावाच लागतो आणि पद १४ बाइटचं होतं. स्लाइसिंगचं 'फिझ'[न%३*४:] हेही मोजून १४. गोल कंस गेले, चौकोनी आले.

मोजणी शून्यापासून सुरू करा. रेंज(१,१०१) चं रेंज(१००) झालं की दोन बाइट तिथेच सुटतात. आता छापायचा आकडा न+१ आहे, म्हणजे न ला ३ ने भागून बाकी २ उरली की फिझ. न%३//२ ची किंमत ०, ०, १ अशी फिरते, बझसाठी न%५//४. बाकी, पूर्णांक भागाकार (//) आणि गुणाकार एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे सुटतात, त्यामुळे कंस नकोच. प्रत्येक पद १३ वर येतं.

याची किंमत शेवटी मोजावी लागते. ‘ऑर न+१’ लिहिलंत तर दोन बाइट वाढतात. त्याऐवजी -~न घ्या. ~न म्हणजे -न-१, त्याचं चिन्ह उलटलं की न+१. शिवाय ‘ऑर’ नंतर चिन्ह आल्यामुळे मधली जागा लागत नाही, आणि वाढ एकाच बाइटची होते. इतकी सुबक बचत क्वचित सापडते!

फॉर न इन रेंज(१००):प्रिंट(न%३//२*'फिझ'+न%५//४*'बझ'ऑर-~न)

पायथॉन २ च्या जुन्या उत्तरांत एकच तिरकी रेघ दिसेल. ती उचलू नका. पायथॉन ३ मध्ये तिच्याने दशांश येतो, आणि दशांशाने स्ट्रिंगला (अवतरणातल्या शब्दाला) गुणलं की टाइप एरर, कोड अडतो.

व्हेरिएबलचं नाव खरोखरच देवनागरी ‘न’ ठेवलं तरी कोड चालतो, पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ते अक्षर तीन बाइटचं. चार ठिकाणी येतं, म्हणजे एकूण ६७. आणि मोजणी ६० दाखवत असेल तर फाइलच्या शेवटी एडिटरने टाकलेली नवी ओळ काढा.