जुन्या ॲल्युमिनियम बोटीची मागची फळी कुजलीय, बाहेरून लोखंडी पत्रा मारला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की चौदा फुटी जुनी बोट घेतलीय, इंजिन चालू केलं की मागची भिंत डुलते आणि बोल्टाच्या भोकातून काळं पाणी येतं. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, बाहेरून लोखंडी पत्रा लावून बोल्ट आवळू.

नका करू. मी तेच करून बसलो होतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहे. फाउंड्रीत ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचे. त्यामुळं लाकूड, धातू आणि एपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारा डिंक) रोजच हातात. बोटीचं मात्र काही कळत नव्हतं. पुरात गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जाणारी माणसं आम्ही! मेव्हण्यानं काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरला चिलापी धरायला भंगारातली बोट आणली आणि माझ्या दारात टाकली. मी तीन मिलीचा लोखंडी पत्रा मारून दिला. दोन पावसाळे गेले आणि फळी पुन्हा डुलायला लागली. पत्रा काढला तर खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आणि ती खरवडली तर चाळणीसारखी बारीक भोकं. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्यात चिकटून राहिले की झिजतं ॲल्युमिनियमच. आतलं लाकूड तर कुजलेलंच होतं, त्याला मी फक्त झाकलं होतं.

या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बाहेर पत्रा, आत जाड प्लाय. इंजिनचा पंखा खालून पुढे ढकलतो, त्यामुळे इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचं खालचं टोक फळीत रुततं आणि वरचं टोक मागे ओढतं. पातळ पत्र्याला हा पीळ झेपत नाही, तो लाकडानंच घ्यायचा असतो. तुमचं लाकूड किती गेलंय ते बघायला आतल्या बाजूनं तीन मिलीच्या ड्रिलनं चार-पाच ठिकाणी भोकं पाडा, बाहेरच्या पत्र्यापर्यंत जाऊ नका. कोरडा पिवळट भुसा आला तर ठीक. चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं काही आलं तर सगळं लाकूड काढायचं. अर्धं ठेवून अर्धं बदलायच्या फंदात पडू नका.

उघडण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा आणि फळीची उंची, जाडी लिहून ठेवा. इंजिनचे दांडे साधारण १५ इंची आणि २० इंची फळीसाठी येतात. उंची बदलली की पंखा एकतर हवा खातो नाहीतर फार खोल जातो. मग रिव्हेटची डोकी ड्रिलनं उडवून कोपऱ्याच्या पट्ट्या सोडवा. आमचं लाकूड निघालं ते पटाशीनं नाही, हातानं. ओल्या खारीसारखे पापुद्रे सुटत होते, आत गोमांचं बिऱ्हाड होतं आणि बोल्टाच्या प्रत्येक भोकाभोवती कूज सगळ्यात खोल. तुकडे फेकू नका, जुळवून पुठ्ठ्यावर आकार काढता येतो.

लाकूड निघालं की पत्रा घासून धुवा. भोकं पडली असतील तर ॲल्युमिनियमचाच तुकडा टिग वेल्डिंगनं लावून घ्या. हे काम लाकूड बाहेर असतानाच होतं, नंतर नाही.

लाकूड कोणतं? सगळे सागवान सांगतील. सागावर माझं पोट भरतं, तरी इथं मी प्लायच घेईन. साग तेलकट, त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही, शिवाय अखंड फळी पावसाळ्यात आडवी फुगते. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, आयएस ३०३ शिक्क्याचा साधा प्लाय नको. १९ मिलीचे दोन थर चिकटवले की ३८ मिली होतात, बहुतेक जुन्या फळ्या त्याच जाडीच्या असतात, तरी आपली मोजून घ्या. चार फूट रुंद आणि वीस इंच उंच फळीचे दोन्ही तुकडे अर्ध्या शीटमध्ये बसतात. कोणी कीड लागू नये म्हणून तांब्याचं हिरवं औषध फासायला सांगेल, त्याला नमस्कार करा. तांब्याचे क्षार ओल्यात ॲल्युमिनियमला खातात. या प्लायला कारखान्यातच प्रक्रिया केलेली असते आणि तिच्यातही तांबं असू शकतं, म्हणून लाकडाचा पत्र्याशी थेट संबंध येऊच द्यायचा नाही.

दोन थर एपॉक्सीनं चिकटवा, पण फेविकॉलसारखे करकचून आवळू नका, सगळं एपॉक्सी कडेनं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. मग चारी बाजूंनी, कडांना जास्त, एपॉक्सीचे तीन हात. थोडं थोडंच कालवा. मी एप्रिलच्या दुपारी अर्धा किलो एकदम एका मगात कालवलं. एक फोन घेतला तेवढ्यात तो मग तापून हातात धरवेना, धूर निघायला लागला आणि ब्रश आत उभाच्या उभा गोठला. तो मग अजून शेडमध्ये आहे, ब्रशसकट. पोरं त्याला शिवलिंग म्हणतात.

आता भोकं. खरं काम हेच आहे. तुम्ही फळीला कितीही एपॉक्सी फासा, बोल्टासाठी ड्रिल मारलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं आणि पाणी तिथूनच शिरतं. तुमची जुनी फळी अशीच गेली असणार. १० मिलीचा बोल्ट असेल तर आधी १६ मिलीचं भोक पाडा, ते बारीक भुसा घालून घट्ट केलेल्या एपॉक्सीनं भरा, दोन दिवस वाळू द्या आणि मधोमध १० मिलीचं भोक घ्या. आता बोल्टाभोवती सगळीकडून एपॉक्सीची भिंत झाली. फाउंड्रीच्या पॅटर्नला बुश बसवतो, तसलाच प्रकार. निचऱ्याच्या प्लगचं भोकही असंच करा, ते सगळ्यात खाली असतं आणि तिथं पाणी उभं राहतं.

बोल्ट स्टेनलेसचे, मोठे वॉशर, आणि प्रत्येकाखाली पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं ॲसिड ॲल्युमिनियमला चावतं. रिव्हेट ॲल्युमिनियमचेच, बंद तोंडाचे. उघडी राहिलेली वरची कड रंगवा, उन्हात एपॉक्सी पिवळं पडून भुसभुशीत होतं.

काम फेब्रुवारीत काढा, मिरगाच्या आधी उरकलं पाहिजे. ओल्या लाकडावर एपॉक्सी लावणं म्हणजे ओल कोंडून ठेवणं.

धरणावर न्यायच्या आधी बोट घोड्यांवर ठेवून प्लग लावा आणि मागच्या भागात पाच-सहा बादल्या पाणी ओता. जास्त नको, घोडे वाकतात. मग खाली वाकून बाहेरून बघत बसा. आमच्या बोटीला दोन रिव्हेटखाली थेंब दिसले, खडूनं खूण केली, पाणी काढून तेवढे दोन बदलले.