आजोबांचं खुरपं टाकू नका

गावाकडून आलेलं खुरपं गंजलंय म्हणून भंगारात देऊ नका. लोहाराने घडवलेली अशी पाती बरेचदा गाडीच्या जुन्या कमानपाट्याच्या (चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या) पोलादाची असतात, आणि ते धार छान धरतं. बाजारातली पत्र्याची खुरपी कुंडीतल्या घट्ट लाल मातीत वाकतात. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराने घासलेली मूठ हातात जशी बसते, तशी नवी बसत नाही. मला तरी जुनंच आवडतं.

पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, मूठ मात्र बाहेर ठेवा, कारण लाकूड फुगून तडकतं. सकाळी तारेच्या घासणीने घासा, धुवा, लगेच कोरडं करा. धार कानशीने, मूळ उतार धरूनच लावा. ग्राइंडर नकोच! पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही.

मुठीला जवसाचं तेल चोळा. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेटू शकतो, पसरून वाळवा.

मुंबईच्या पावसाळ्यात बाल्कनीत ठेवलेलं लोखंड पुन्हा गंजणारच. म्हणून वापर झाला की माती पुसून पात्याला तेलाचा हात फिरवा आणि घरात कोरड्या जागी टांगा. मूठ हलत असेल तर सुताराकडून बाभळीची नवी बसवून घ्या. घरात जुनं काहीच नसेल तर चोर बाजारात चक्कर मारा. घेताना पात्याला तडा नाही ना, एवढं आधी बघा.