बंद ड्रॉपडाऊनवर बाणाची कळ दाबू नका

मनगट दुखतंय म्हणून माऊस बंद, सगळं काम कीबोर्डवर, आणि अर्जातल्या ड्रॉपडाऊनमधून (उघडणाऱ्या पर्यायांच्या यादीतून) देश निवडायला गेलं की आधी भरलेलं सगळं पुसलं जातं, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. दोष तुमचा नाही, पान तसं बनवलंय. टॅब, शिफ्ट+टॅब, एंटर, स्पेस तुम्हाला येतंच, त्यामुळे ते सोडून देतो. (मनगटाबद्दल काही सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर कळांचं वागणं बदलतं, तेव्हा हे उत्तर जसंच्या तसं लावू नका.)

विंडोजवर बंद ड्रॉपडाऊनवर फोकस असताना (म्हणजे कीबोर्डचा ताबा तिथे असताना) खालचा बाण दाबला तर यादी उघडत नाही, थेट पुढचा पर्याय निवडला जातो. आणि ब्राउझर दर वेळी पानाला कळवतो की निवड बदलली. माऊसने निवडणाऱ्याकडून हा निरोप एकदाच जातो. तुम्हाला यादीतला तिसावा देश हवा असेल तर वाटेतल्या प्रत्येक देशासाठी जातो. ‘देश बदलला की पान पुन्हा लोड करायचं’ असं ज्यांनी करून ठेवलंय, तिथे पहिल्याच बाणाला पान लोड होतं, भलताच देश बसतो आणि बाकीचे रकाने रिकामे. अक्षर टाइप करून उडी मारली तरी तेच होतं, कारण यादी अजून बंदच असते.

म्हणून आधी ऑल्ट+खालचा बाण दाबून यादी उघडा. मग बाणांनी किंवा नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भराभर टाइप करून हव्या पर्यायावर जा आणि एंटर दाबा. निवड रद्द करायची तर एस्केप. मॅकवर बाणाने यादीच उघडते, तिथे हा त्रास नाही. तरीही एकदा पान लोड होणारच असेल, तर अर्जातले सगळे ड्रॉपडाऊन आधी उरका, टाइप करायचे रकाने नंतर. मोठा मजकूर नोटपॅडमध्ये लिहून मगच चिकटवा. एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबू नका, बऱ्याच ठिकाणी त्याने अर्धा अर्ज सबमिट होतो.

अशाच एका पोर्टलच्या मदत कक्षाला (नाव घेत नाही) मी हे सगळं कळवलं, तर आधी ‘ब्राउझरची कॅश काढा’ (म्हणजे साठवलेल्या तात्पुरत्या फाइली पुसा) आणि मग ‘माऊसने निवडा’ एवढंच उत्तर आलं. त्यात अर्जाची मुदत गेली. राग याचा येतो की हा नियम नवा नाही. डब्ल्यूसीएजी २.० हे वेब सुगम्यतेचे (म्हणजे अपंगांसह सगळ्यांना साइट वापरता यावी यासाठीचे) निकष २००८ साली आले. निकष २.१.१ म्हणतो की सगळं कीबोर्डने करता आलं पाहिजे, २.१.२ म्हणतो की फोकस कुठेही अडकता कामा नये, आणि ३.२.२ म्हणतो की नुसता पर्याय बदलल्यावर, आधी सूचना दिल्याशिवाय, संदर्भच (म्हणजे समोरचं पान किंवा फोकस) बदलता कामा नये. तिन्ही ‘ए’ पातळीचे, म्हणजे अगदी किमान. माझ्या मते ‘साइट चालत नाही’ अशी तक्रार करणं वाया जातं. पानाचा पत्ता, ब्राउझर, कोणता रकाना, कोणती कळ दाबली, काय झालं आणि निकषाचा क्रमांक, एवढं लिहा. मग ती तक्रार मदत कक्षात न अडकता साइट बनवणाऱ्यांपर्यंत जाण्याची शक्यता वाढते.

तुम्ही टॅब दाबून दाबून थकता असंही लिहिलंय. लिंकपर्यंत टॅब मोजत जाऊच नका. कंट्रोल+एफ, लिंकमधला एखादा शब्द, मग एस्केप: फोकस त्या लिंकवर येतो, एंटरने उघडा. फायरफॉक्समध्ये एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबून टाइप केलं तर शोध फक्त लिंकमध्येच होतो. फोकस नकाशात किंवा व्हिडिओत अडकला तरी हाच मार्ग: कंट्रोल+एल ने अॅड्रेस बारवर सुटका, मग त्या चौकटीच्या पुढचा एखादा शब्द शोधा, एस्केप, आणि तिथून टॅब. सफारीत टॅब लिंकवर थांबतच नसेल तर ऑप्शन+टॅब वापरा, किंवा सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्ड भागात टॅबचा पर्याय चालू करा.

विमियम हे ब्राउझरला जोडायचं, कीबोर्डने पान चालवणारं एक्स्टेंशन घालायला हरकत नाही. एफ दाबलं की प्रत्येक लिंकवर अक्षरं येतात, ती टाइप केली की लिंक उघडते. पण क्रोमच्या सेटिंग्जच्या पानांवर ते चालत नाही, आणि देवनागरी लेआउट चालू असेल तर त्याच्या कळा ओळखल्या जात नाहीत. आधी इंग्रजीवर या. शिवाय ते तुमचा ड्रॉपडाऊन सोडवणार नाही, त्यामुळे ऑल्ट+बाण अंगवळणी पडल्यावरच त्याकडे वळा.

तुम्ही माणूसच आहात ना हे तपासणारं, तुकडा सरकवायचं कोडं वगैरे आलं आणि काहीच चाललं नाही, तर विंडोजच्या माऊस कीज: डावा ऑल्ट+डावा शिफ्ट+नम लॉक, आणि येणाऱ्या खिडकीत होकार द्या. नंबर पॅडवर ८, २, ४, ६ ने पॉइंटर हलतो, ५ ने क्लिक होतं. ० ने पकडायचं, ६ ने उजवीकडे सरकवायचं, दशांश टिंबाने सोडायचं. नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपवर यासाठी वेगळा यूएसबी नंबर पॅड लागेल.