होमस्टेच्या पाहुण्यांसाठी आसपास कुठे खावं, प्यावं, फिरावं याची यादी कशी लिहावी?

तुम्ही लिहिलंय की घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देता, तुमच्या आवडीच्या तीसेक जागांची यादी छापून टेबलावर ठेवली आहे, आणि तरीही येणारा प्रत्येक जण फोन करून विचारतोच, "जेवायला कुठे जाऊ?" यादीत नेमकं काय चुकतंय, हा तुमचा प्रश्न.

माझ्या मते जागा चुकीच्या नाहीत, मांडणी चुकली आहे. 'हॉटेलं', 'कॅफे', 'प्रेक्षणीय स्थळं' हे कप्पे तुमच्या सोयीचे आहेत. पाहुणा यादी हातात घेतो तेव्हा तो रात्री साडेदहाला सामान टेकवून भुकेला बसलेला असतो. किंवा बाहेर पाऊस कोसळत असतो आणि मुलं कंटाळलेली असतात. किंवा खोली अकराला सोडायची असते आणि परतीची गाडी संध्याकाळी सहाची असते. आत्ता काय उघडं आहे आणि आपल्याला ते झेपेल का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. म्हणून यादी प्रसंगाप्रमाणे लावा: उशिरा पोहोचलात तर, सकाळी सातच्या आत चहा-कॉफी हवी असेल तर, सोबत लहान मूल असेल तर, गुडघे दुखत असतील तर, पाऊस असेल तर, दोन तासच हाताशी असतील तर, शेवटच्या दिवशी सामान घेऊन वेळ काढायचा असेल तर. गेल्या काही पाहुण्यांचे मेसेज पुन्हा वाचा, तुमचे प्रसंग त्यातच सापडतील.

प्रत्येक प्रसंगाला दोन जागा द्या, फार तर तीन. पहिली तुमची खरी पसंती, दुसरी पहिली बंद असेल तेव्हाची. दोन्हींची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी येत नाही ना, हे तपासा. ही चूक फार याद्यांत दिसते आणि नेमकी त्याच दिवशी पाहुण्याला उपाशी ठेवते. तीस नावांची बारा-पंधरा होतील. गळलेल्या जागा वाईट नव्हत्या, पण त्यांना प्रसंग नव्हता. केवळ ओळखीच्या माणसाची म्हणून यादीत आलेली जागा मात्र आधी काढा. आणि एखाद्या जागेकडून तुम्हाला कमिशन किंवा फुकट जेवण मिळत असेल, तर ते त्या नोंदीतच स्पष्ट लिहा.

आता एकेका नोंदीबद्दल. 'छान जेवण, घरगुती वातावरण, नक्की भेट द्या' या ओळीतून पाहुण्याला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी अशी नोंद बघा:

"फाटकातून डावीकडे, सरळ चालत 9 मिनिटं. औषधाच्या दुकानाच्या वरचा मजला. पाटी लहान आहे आणि जिना मागच्या बाजूला. 14 पायऱ्या, लिफ्ट नाही. दार रात्री 11 ला बंद होतं, पण ऑर्डर 10 पर्यंतच घेतात. सोमवारी बंद. सहा टेबलं, चारपेक्षा जास्त जण असाल तर आधी फोन करा. फक्त रोख. पदार्थ मोजकेच, पण रोज ताजे, आणि सांगितलं तर तिखट कमी करून देतात. शनिवारी 8 ते 9 मध्ये जाऊ नका, अर्धा तास उभं राहावं लागतं."

यात सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी आहेत. एक, शेवटच्या ऑर्डरची वेळ. नकाशावरच्या ॲपमध्ये बहुतेकदा दार बंद व्हायची वेळ असते, स्वयंपाकघर त्याच्या आधीच आवरलेलं असतं. पावणेअकराला पोहोचलेल्या माणसाला दिवे दिसतात, जेवण मिळत नाही. ही वेळ मालकाला विचारू नका, वाढणाऱ्या माणसाला विचारा. खरी त्यालाच ठाऊक असते. दुसरी, 'कधी जाऊ नये' ही ओळ. ती असली की बाकीच्या कौतुकावर पाहुणा विश्वास ठेवतो. प्रत्येक नोंदीत अशी एक ओळ हवीच. लिहायला काहीच सुचत नसेल, तर त्या जागेवर तुम्ही वेगवेगळ्या वेळी गेलेला नाहीत असं समजा आणि पुन्हा जाऊन या.

काय मागवावं हे दोनच पदार्थांपुरतं सांगा, आणि नाव मेन्यूकार्डावर जसं छापलंय तसंच लिहा. परभाषिक पाहुणा ते बोट ठेवून दाखवतो. तुम्ही घरगुती नाव लिहिलंत तर त्याला ते कार्डावर सापडत नाही.

पथ्याच्या बाबतीत फार सावध राहा. 'शाकाहारी मिळतं' एवढं पुरत नाही. तळण्याचं तेल वेगळं आहे का, तवा वेगळा आहे का, रस्सा कशापासून बनवतात, हे तिन्ही प्रश्न विचारून उत्तर लिहा. ॲलर्जीसाठी तयार प्रश्नावली हवी असेल तर युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमातली 14 घटकांची यादी वापरा: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, सेलरी (एक पालेभाजी), मोहरी, तीळ, सल्फाइट (अन्न टिकवायला घालतात ते क्षार), ल्युपिन (शेंगेतलं एक कडधान्य) आणि शिंपल्यासारखे मृदुकाय प्राणी. अमेरिकेत अशा सक्तीच्या घोषणेत नऊ घटक आहेत. तीळ त्यात 2023 पासून आले. पण एखाद्या जागेपुढे 'ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सुरक्षित' असं कधीही लिहू नका. आचारी बदलतो, तेल बदलतं, मसाल्याचं पाकीट बदलतं. 'शेंगदाणे वापरत नाही असं अमुक महिन्यात सांगितलं. जाताना पुन्हा विचारा' इतकंच लिहा.

पिण्याबद्दल थोडक्यात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे यादीच्या अगदी वर, एका वाक्यात. उकळून प्यायचं असेल तर किती वेळ तेही सांगा: खळखळून उकळी फुटल्यावर 1 मिनिट, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. चहा-कॉफीच्या जागेला महत्त्व सकाळी उघडण्याच्या वेळेचं. दारू मिळणाऱ्या जागेच्या नोंदीत परत येण्याची सोय लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही: शेवटची बस किती वाजता, रात्री टॅक्सी किंवा रिक्षा कुठे मिळते, आणि चालत यायचं तर दिवे असलेला रस्ता कोणता. तो बहुधा सगळ्यात जवळचा नसतो.

अंतर लिहिताना गडबड होते ती अशी की यजमान आपल्या पायांच्या वेगाने लिहितो. मोठा, धडधाकट माणूस सपाटीवर ताशी सुमारे 5 किलोमीटर चालतो, म्हणजे मिनिटाला साधारण 80 मीटर. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर मिनिटाला 50 ते 60 मीटर धरा. तेच 800 मीटर एकाला दहा मिनिटं, दुसऱ्याला पंधरा. दोन्ही आकडे लिहा, आणि मोजणी नकाशावरच्या सरळ रेघेने न करता तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत करा. चढ असेल तर मीटरपेक्षा पायऱ्या सांगितलेल्या लोकांना जास्त कळतात.

टेकडी, किल्ला, रानवाट असेल तर नेस्मिथचा नियम वापरा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला आणि अजूनही पायवाटांचे अंदाज त्यावर बांधले जातात: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि शिवाय चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे उंची 10 मीटर वाढली की 1 मिनिट वाढवायचं. वाट 6 किलोमीटरची आणि चढ 300 मीटरचा असेल, तर चालायचे 1 तास 12 मिनिटं, चढाचे 30, एकूण 1 तास 42 मिनिटं. यात दम खायला थांबणं, फोटो, डबा काहीही धरलेलं नाही. सवय नसलेल्यांसाठी मी यात निदान एक तृतीयांश वेळ वाढवून लिहितो.

आणि 'किती वाजता निघावं' यापेक्षा 'किती वाजता मागे फिरावं' हे ठळक लिहा, माथा गाठलेला असो वा नसो. सूर्यास्ताच्या वेळेतून उतरायचा वेळ आणि वर एक तास वजा करा, ती वेळ. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांतच दिसेनासं होतं. दूर उत्तरेकडून आलेल्या पाहुण्याला लांब संधिप्रकाशाची सवय असते आणि तो हमखास चुकतो. तुमच्याकडे परदेशी पाहुणे येत असतील तर हे वाक्य त्यांच्यासाठी मुद्दाम लिहा. समुद्रकिनारा असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा छापू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आजची वेळ चार दिवसांनी पार चुकलेली असते. वेळ कुठे पाहायची ते लिहा, आणि भरतीत कोणती वाट पाण्याखाली जाते तेही.

नकाशावरची खूण ही पाहुणे वाट चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. ॲपमधली खूण बऱ्याचदा इमारतीच्या किंवा आवाराच्या मधोमध असते, आणि मग रस्ता दाखवताना ॲप मागच्या गल्लीत नेऊन सोडतं, जिथून आत शिरायला दारच नाही. स्वतः प्रवेशदारापाशी उभे राहून खूण लावा आणि अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. दशांश चिन्हानंतर तीन आकडे घेतले तर शंभरेक मीटरची चूक पडते, चार घेतले तर 11 मीटरची, पाच घेतले तर एका मीटरची. पाच घ्या. फोनच्या जीपीएसमध्ये तेवढी अचूकता नेहमी नसते, म्हणून उपग्रह-चित्रावर बोट ठेवून पडताळा. सोबत वळणाचा एक फोटो द्या, तुमच्या घराकडून चालत जाणाऱ्याला जसं दिसेल त्या बाजूने काढलेला. रात्रीच्या जागांसाठी फोटो रात्रीचाच हवा. दिवसा ठळक दिसणारी पाटी अंधारात दिसत नाही. रेंज जात असेल तर वायफायवर असतानाच नकाशा उतरवून घ्यायला सांगा.

क्यूआर कोड लावणार असाल तर तो पीडीएफवर न नेता, तुम्हाला केव्हाही दुरुस्त करता येईल अशा पानावर न्या, म्हणजे वेळ बदलली तरी कोड पुन्हा छापावा लागत नाही. काही फुकटच्या सेवा कोड आपल्या मधल्या दुव्यावरून फिरवतात आणि मुदत संपली की तो चालेनासा होतो. थेट तुमच्या पानाचा पत्ता असलेला कोड बनवा. निदान 3 सेंटिमीटर रुंद छापा, चारी बाजूंना कोडातल्या चार ठिपक्यांएवढी पांढरी जागा सोडा, आणि चकचकीत लॅमिनेशन टाळा, दिव्याखाली चमकतं आणि कोड वाचला जात नाही. कागदी प्रत मात्र ठेवाच. त्याच कागदावर रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान आणि आपत्कालीन क्रमांक लिहा. भारतात आणि युरोपीय संघात तो 112 आहे.

काही जागा तुम्हाला कितीही आवडत असल्या तरी यादीत घालू नयेत. कुणाच्या खासगी शेतातून जाणारी वाट, लोकांचं राहतं अंगण, पक्ष्यांची वीण चालू असलेला कडा, जिथे चार माणसं बसली तरी गर्दी होते असं पाणवठ्यालगतचं ठिकाण. तुम्ही एकटे जाता तेव्हा कुणाला त्रास होत नाही, दर आठवड्याला नवे चार जण जाऊ लागले की होतो, आणि त्याचे बोल शेजाऱ्यांकडून तुम्हालाच ऐकावे लागतात. प्रार्थनास्थळ असेल तर कपडे, चपला आणि फोटो यांबद्दल तिथल्या माणसांना विचारून लिहा.

राहिली देखभाल. आधी वेळा शिळ्या होतात, मग सुट्टीचा वार, मग मेन्यू, आणि सगळ्यात शेवटी पत्ता. त्यामुळे महिन्यातून एकदा फोन करून फक्त वेळा आणि सुट्टी विचारून घ्या, आणि ऋतू बदलला की प्रत्येक जागी स्वतः जा, तेही पाहुणे जातात त्याच वेळी. दुपारी चारला रिकाम्या हॉटेलात चहा घेऊन शनिवारची रात्र कळत नाही. प्रत्येक नोंदीखाली पडताळणीचा महिना लिहा.

निघणाऱ्या पाहुण्याला 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान' एवढंच मिळेल. 'यादीतलं कुठलं ठिकाण बंद होतं, किंवा लिहिल्यापेक्षा वेगळं निघालं?' असं विचारा, नेमकं उत्तर मिळतं. दोन वेगवेगळ्या पाहुण्यांनी एकाच जागेबद्दल तक्रार केली की ती नोंद त्याच दिवशी काढून टाका, त्या प्रसंगाची दुसरी जागा वर आणा, आणि स्वतः जाऊन जेवल्याशिवाय पहिली परत घालू नका.