पहिल्या ऑनलाइन थेरपी सेशनआधी

सगळ्यात आधी जागा बघा. शेजारच्या खोलीत आई-बाबा असतील तर तुम्ही नकळत आवाज दाबून, आडूनआडून बोलणार. इअरफोन लावा, दाराबाहेर रेडिओ सुरू ठेवा. नाहीच जमलं तर पार्किंगमधल्या गाडीत बसा. बरेच जण तेच करतात.

थेरपिस्टचं शिक्षण, अनुभव सरळ विचारा, त्यात उद्धटपणा नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवणाऱ्यांची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी हवीच. आणि चिडचिड मराठीतच सुचत असेल तर मराठी बोलणारंच कुणी शोधा.

नवखे हमखास इथे चुकतात:

- पहिल्याच दिवशी अख्खी जन्मकथा सांगायला बसतात. याच आठवड्यातला एक प्रसंग घ्या. रात्री साहेबांचा मेसेज आला नि पोटात गोळा आला, तो चालेल.
- एखादं सेशन पटलं नाही की गुपचूप गायब होतात. खटकलं ते तिथेच बोला, तीन-चार सेशन द्या. तरी सूर जुळला नाही तर खुशाल बदला.

सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) वगैरे आत्ताच वाचत बसू नका. मात्र जीव नकोसा व्हायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.