लिंबच्या विहिरीत उतरणारं ऊन

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

कासच्या पठारावरचे फोटो मिळाले. चारशे बारा आहेत. सगळे पाहिले, दोन रात्री लागल्या. नवा कॅमेरा हातात आल्यावर बोट थांबत नाही, त्यामुळे संख्येबद्दल काही म्हणत नाही. पण त्यातले साडेतीनशे तरी उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले आहेत. तेरडा आणि सोनकी असे वरून पाहिले की नुसता गुलाबी-पिवळा गालिचा दिसतो. रविवारी सड्यावर आलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तोच गालिचा असतो.

एक फोटो मात्र मी वेगळा काढून ठेवलाय. सीतेच्या आसवांचा. निळं-जांभळं, नखाएवढं फूल, पाकळीवर दवाचा एक थेंब, मागे धुकं. त्या फोटोसाठी तू वाटेच्या कडेला गुडघे टेकून बसलेली असणार, त्याशिवाय तो कोन मिळत नाही. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, माहीत आहे का? जांभ्या दगडावरच्या त्या पातळ, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, आणि जवळ आलेला सूक्ष्म जीव त्या आत ओढून घेतात. हे कळलं की पुढच्या वर्षी तू फुलाबरोबर त्याच्या पायाशी साचलेलं पाणीही फ्रेममध्ये घेशील. फक्त आखलेली वाट सोडायची नाही. कॅमेऱ्याचा स्क्रीन उघडून तिरका कर, हात खाली घे, आणि कडेची फुलं टिप. एका फोटोपायी दहा रोपं तुडवणारे लोक मी पाहिलेत. तो फोटो कितीही सुंदर आला तरी मला बघवत नाही.

आता तू विचारलंस, पुढे कुठे जाऊ? ठोसेघर, चाळकेवाडी, बामणोली, वाई, मेणवली अशी लांबलचक यादी केली आहेस. अगं, ती यादी बाजूला ठेव. वर्षभर एकाच ठिकाणी जा. माझं ऐकशील तर लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर.

साताऱ्याहून पुण्याच्या रस्त्याने नागेवाडीवरून आत वळलं की लिंब. तुझ्या स्कूटीवर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी रचना, खोली साधारण ११० फूट, रुंदी ५० फूट. पण हे आकडे तिथे कोणीही सांगेल. तुला मी सांगतोय ते उन्हाबद्दल.

फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात शिकवतात, सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन धर, भर दुपारी कॅमेरा बॅगेत ठेव. डोंगरावर ते खरं आहे. विहिरीत उलटं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास काठावर उभी राहा. ऊन सरळ तळाच्या पाण्यापर्यंत जातं, पाण्यावरून उलटून भिंतीवर येतं, आणि दगडावर उजेडाच्या लाटा हलायला लागतात. त्यानंतर पुढल्या डिसेंबरात त्याच वेळी जा. सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन फक्त उत्तरेकडच्या भिंतीवर पडतं आणि निम्म्या खोलीवर संपतं. खाली सगळा गार अंधार. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत ही उन्हाची रेघ भिंतीवर चढत जाते, मग पुन्हा उतरते. ती रेघ मी सतरा वर्षं पाहतोय, आणि अजून मनासारखी टिपता आलेली नाही. म्हणून तुला पाठवतोय.

तिथे कॅमेरा तुला फसवेल, ते आधीच सांगतो. वर आभाळ पांढरं, आत दगड काळा. कॅमेरा दोन्हीची सरासरी काढतो, त्यामुळे आभाळ जळतं आणि दगडावर राखाडी साय चढते. फोटोतला उजेड कमी-जास्त करायचं ते अधिक-उण्याचं बटण वापर. आधी ठरव, तुला काय दाखवायचंय. उन्हाची रेघ हवी असेल तर उणे एक, उणे दीड कर आणि अंधाराला अंधार राहू दे. कमानीतला दगड हवा असेल तर आभाळ फ्रेममधून काढूनच टाक. ऑटो सोड, ॲपर्चर प्रायॉरिटीवर ये, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते तू ठरवशील, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढ. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची तीव्रता, सोळाशे-बत्तीसशेला गेला तरी घाबरू नकोस. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. आणि कोपरं दगडावर टेकव, त्या भिंती त्यासाठी मजबूत आहेत.

नवी लेन्स लगेच घेऊ नकोस. कॅमेऱ्याबरोबर आलेली अठरा-पंचावन्न मिलिमीटरची पुरे आहे. एका फेरीला दहाच फोटो काढायचे. दहा झाले की कॅमेरा बंद, आणि उरलेला वेळ नुसतं बसायचं. हे जड जाईल, पण मला यातूनच दिसायला लागलं.

माणसांबद्दल एक. क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, मी एका आजींचा धुणं धुतानाचा फोटो न विचारता काढला होता. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "इचारलं का रं मला?" तेवढंच. मला फार लागलं. महिन्याने पोस्टकार्ड आकाराची प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही, आधी पायरीवर बोट ठेवलं, "ही पुरात सरकल्याली." फोटो मी काढला होता, धुवून आणला होता, भिंतीवर लावला होता, आणि ती तिरकी पायरी माझ्या नजरेत आली नव्हती. तेव्हापासून आधी विचारतो, नंतर प्रिंट देतो, आणि देताना ते काय बघतात ते बघतो. घाटावर क्रियाकर्म चाललेलं असेल तर कॅमेरा बाहेरही काढायचा नाही. तिथे विचारणंसुद्धा चुकीचं.

राहिली निगा. हे पत्रात शेवटी आलं असलं तरी सगळ्यात आधी कर. एका पावसाळ्यात मी माझी पन्नासची लेन्स चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवली, जूनपासून थेट गणपतीपर्यंत. काढून उजेडासमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. बुरशी. काचेवरचा थर खाल्ला होता, साफ करूनही डाग गेला नाही. साताऱ्याची ओल काय असते ते तुला घरच्या पापडांवरून ठाऊक आहे, कॅमेऱ्याचंही तेच होतं. रबरी कड असलेला हवाबंद डबा आण, तळाला सिलिका जेलच्या पुड्या टाक. निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषून भरले असं समज, तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतून घे. आणि एसी लावलेल्या गाडीतून घाटातल्या धुक्यात उतरलीस तर बॅग लगेच उघडू नकोस, पंधरा-वीस मिनिटं थांब, नाहीतर गार काचेवर दव धरतं.

येत्या रविवारी मी लिंबला जाणार आहे. अकरा वाजता विहिरीच्या पायऱ्यांपाशी भेट. पाण्याची बाटली आण, टोपी आण. तो हवाबंद डबा रविवारच्या आधीच घेऊन ठेव.

तुझा,
काका